गावच्या घरात गाणं ऐकायची खोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशिम, चंद्रपूर, गोंदिया, सगळीकडून तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. सोप्यापासून अवघडाकडे लावलेत, पण मधूनच वाचलं तरी चालतं, जिथे एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे नंबर दिलाय. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठीचे सल्ले आपल्याकडे अर्धेच लागू पडतात, आपलं छत वेगळं, लाईन वेगळी, उन्हाळा वेगळा. आणि रात्री दहानंतर गावात जी शांतता असते ती त्यांच्याकडे पैसे देऊन मिळत नाही, ती आपली सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

१. मले गाणे ऐकायसाठी एक खोली करायची आहे, बजेट चाळीस हजार, पहिले काय घेऊ?

पहिले काहीच घेऊ नका भाऊ, पहिले खोली ठरवा. घरातल्या दोन-तीन खोल्यांमध्ये मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा आणि टाळीच्या मागून काय येतं ते ऐका. टाळी वाजली आणि संपली तर खोली चांगली. मागून टर्रर्र असा बारीक आवाज येत असेल तर दोन समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकून राहिल्यात. भांडे, पेट्या, गाद्या, कपडे असं सामान भरलेली खोली बहुतेक वेळा रिकाम्या चकाचक हॉलपेक्षा चांगली निघते. खोली ठरली की मग पैशाची वाटणी: अर्ध्याहून जास्त स्पीकरवर, चौथा हिस्सा ॲम्पवर (स्पीकरला ताकद देणारा डबा), आणि उरलेलं खोली आणि लाईनवर. हे उरलेलं कुणी ठेवतच नाही आणि तिथेच सगळा घोळ होतो. चाळीस हजारात साधारण बावीस-पंचवीसची स्पीकर जोडी, आठ-दहाचा छोटा ॲम्प आणि बाकीचे गादी, पडदा, अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर (लाईनचा अचानक आलेला झटका अडवणारा) यांना, असं बसतं.

२. किती वॅटचा ॲम्प घ्यावा? दुकानदार म्हणते ५००० वॅटचा आहे

तो डब्यावरचा आकडा पीएमपीओ आहे, त्याला मोजायची ठरलेली पद्धतच नाही, कंपनीला वाटेल तो आकडा छापता येतो. तुम्ही फक्त आरएमएस (ॲम्प सतत देऊ शकतो ती खरी ताकद) विचारा आणि तो किती ओहमच्या (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरवर आहे ते विचारा. घरगुती स्पीकरची सेन्सिटिव्हिटी साधारण ८७ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) असते, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवरून ८७ डीबी ऐकू येतं. दहा फुटांवर बसून दोन्ही स्पीकर मिळून ते ऐंशीच्या आसपास येतं, म्हणजे आरामात ऐकताना तुम्ही एक वॅटसुद्धा पूर्ण वापरत नाही. तबल्याची थाप, ढोलकीचा ठोका असे क्षणभराचे उसळणारे आवाज असतात त्यांच्यासाठी वरची ताकद लागते, म्हणून ३० ते ५० वॅट आरएमएस भरपूर झालं. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढतात, कानाला दुप्पट वाटायला दहापट लागतात, म्हणून ५० सोडून ८० घेण्यात काही फरक पडत नाही.

३. टॉवर स्पीकर, छोटे बुकशेल्फ, का होम थिएटर?

गाणं ऐकायचं असेल तर दोनच चांगले स्पीकर. तेवढ्याच पैशात पाच-सहा डबे घेतले तर प्रत्येक डब्याच्या वाट्याला किती येणार, याचा विचार करा. १० बाय १२ च्या खोलीत टॉवर घेऊ नका, जास्तीचा बेस त्या खोलीत मावत नाही आणि घुमतो (प्रश्न ७). सव्वापाच ते साडेसहा इंच वूफरचे (खालचे सूर काढणारा मोठा पडदा) बुकशेल्फ घ्या आणि वूफरची कड रबराची आहे का ते बोट लावून पहा. फोमची कड काही वर्षांत भुगा होऊन गळते, आणि आपल्या उन्हाळा-पावसाळ्यात ते लवकरच होतं.

४. दुकानात मस्त वाजला, घरी आणला तर गाण्याचे शब्दच समजत नाही, आवाज घुमते. सेट खराब निघाला का?

शंभरात नव्वद वेळा सेट ठीकच असतो, खोली घुमते. नवीन स्लॅबच्या घरात खाली टाईल्स, भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर पुट्टी, खिडकीला काच, वर काँक्रीट. यातलं काहीच आवाज पीत नाही, आलेला आवाज जवळपास सगळा परत फेकतं. १० बाय १२ ची दहा फूट उंच रिकामी खोली असेल तर हिशोबाने आवाज विरायला अडीच-तीन सेकंद लागतात, गाणं ऐकायला ते ०.३ ते ०.५ सेकंद पाहिजे. वसंतराव देशपांडे आपल्या मूर्तिजापूरचे, १९२० चा जन्म, त्यांची द्रुत तान अशा खोलीत लावून पहा, एक सूर विरायच्या आत पुढचे दहा येऊन पडतात आणि तानेची नुसती धूसर रेघ उरते.

हा हिशोब ज्याच्या सूत्राने होतो तो वॉलेस सॅबिन. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एका लेक्चर हॉलमध्ये मास्तरांचं बोलणं समजत नव्हतं म्हणून ते काम याच्याकडे आलं. यानं रात्री-बेरात्री, सगळं शांत झाल्यावर, शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणून हॉलमध्ये मांडल्या, ऑर्गनचा पाईप वाजवायचा, स्टॉपवॉच धरायचं, अजून गाद्या मांडायच्या, परत मोजायचं. म्हणजे या अख्ख्या शास्त्राची सुरुवातच गाद्यांपासून झाली, आणि गादी तर आपल्याकडे घरोघरी आहे.

५. मग गादी लावायची म्हणजे नेमकी कशी आणि किती?

वरच्याच खोलीचा हिशोब धरू. तीन सेकंदावरून ०.४ वर यायला अंदाजे १२ चौरस मीटर आवाज पिणारा पृष्ठभाग पाहिजे. ६ बाय ३ फुटांची एक गादी १.७ चौरस मीटर भरते, म्हणजे सातेक गाद्या. घाबरू नका, त्यात दिवाणावरची गादी, जाड पडदा, खालची सतरंजी, भरलेलं कपाट, बसलेली माणसं हे सगळं धरायचं, म्हणून भिंतीला तीन-चार पुरतात.

कापूस दबून कडक झालेल्या जुन्या गादीचा फार उपयोग नाही. ती आधी पिंजून घ्या, कापूस मोकळा झाला की हवा आत शिरते आणि आवाजाची ताकद तिथेच जिरते. चार इंच जाडी ठेवायला सांगा. आणि गादीवाल्याला हे नक्की सांगा की उभी टांगायची आहे, टाके जवळ जवळ घाल, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत सगळा कापूस खाली उतरून बसतो आणि वर नुसतं कापड लोंबतं. सगळ्यात चांगलं म्हणजे सुताराकडून पट्ट्यांची चौकट करून त्यात आडव्या दोन-तीन पट्ट्या मारून घ्या. वर खोळ सुती किंवा खादीची, तोंडाला लावून फुंकर मारली तर आरपार गेली पाहिजे. रेक्झिन लावू नका. भिंतीला चिकटवू पण नका, मागे चार इंच जागा सोडा, तेवढ्याच गादीत अजून खालचे सूर पकडले जातात, आणि पावसाळ्यात मागून ओलही धरत नाही.

जागा शोधायला आरसा लागतो. तुम्ही ऐकायच्या जागेवर बसा, घरातल्या कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, जिथे आरशात स्पीकर दिसला तिथे गादी. दोन्ही बाजूंना हेच करा, तिसरी तुमच्या पाठीमागे. गादी नको असेल तर अमरावती-नागपूरला इन्सुलेशनवाल्यांकडे ४८ डेन्सिटीचा रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) मिळतो, तोही उत्तम, फक्त हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून काम करा आणि कापडात पूर्ण बंद करा.

६. अंड्याचे ट्रे लावले तर? यूट्यूबवर सगळे तेच सांगून राहिले

नाही. पातळ पुठ्ठा आहे तो, वरच्या पट्टीतला थोडासा आवाज इकडे तिकडे विखुरतो आणि बाकी सगळं तसंच राहतं, वरून पेटतो लवकर आणि झुरळं होतात. ऑनलाईन मिळणारा एक इंची काळा फोम पण तसाच, तो फक्त झांज-मंजिरीचा वरचा झणकार खातो आणि खालचं घुमणं तसंच ठेवतो, मग खोली एकाच वेळी कोंदट पण लागते आणि घुमते पण. पैसे वाचवा, प्रश्न ५ वाचा.

७. गाद्या लावल्या, शब्द मोकळे झाले, पण डग्गा अजून बुम्म बुम्म करते. काहून?

कारण हा वेगळा आजार आहे. खालचे सूर लांबीने मोठे असतात, ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० कंपनं) एक लहर जवळपास २२ फुटांची, तिला चार इंची गादी जाणवत पण नाही. आणि प्रत्येक खोलीचे स्वतःचे काही सूर असतात जे तिच्या लांबी-रुंदी-उंचीवरून ठरतात. ३४३ भागिले खोलीच्या मीटरमधल्या मापाची दुप्पट, एवढंच गणित. १० फुटाला ५६ हर्ट्झ येतं, १२ फुटाला ४७, ८ फुटाला ७०. तो सूर गाण्यात आला की खोली तो धरून ठेवते.

८ फूट रुंदीच्या खोल्या आपल्याकडे पुष्कळ आहेत म्हणून त्यांचंच सांगतो. काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) मध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि खोलीचा सूर ७०. म्हणजे अख्खी मैफल खोली त्या एका तारेला धरून बसणार, गायकाच्या मागे एक सततचं हूं चालू, आणि तुम्हाला वाटणार रेकॉर्डिंगच तसं आहे. तीच फाईल दुसऱ्या खोलीत लावली की ते जातं.

करायचं काय: मोबाईलवर टोन जनरेटरचं फुकट ॲप घ्या, ॲम्पला जोडा, आवाज कमी ठेवून ३० पासून १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवत न्या, जिथे एकदम अंगावर येईल तो आकडा लिहून ठेवा. मग तोच सूर चालू ठेवून खोलीत फिरा, भिंतीजवळ आणि कोपऱ्यात तो फुगतो, मधे कुठेतरी जवळपास गायब होतो, ऐकायची खुर्ची या दोन्हीच्या मधल्या जागी आणा. सहसा मागच्या किंवा पुढच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या थोडं पुढे ही जागा सापडते, बरोबर मधोमध कधीच बसू नका. खुर्ची एक-दीड फूट हलवून जो फरक पडतो तो दहा हजाराच्या वायरीने पडत नाही. त्यानंतरही उरलं तर कोपऱ्यांत खालपासून वरपर्यंत जाड गाद्यांची चवड (प्रश्न १९ मध्ये का ते कळेल), आणि शेवटी इक्वलायझरवर (वेगवेगळे सूर कमी-जास्त करायची सोय) तो एक आकडा थोडा खाली.

८. नवीन घर बांधून राहिलो, खोलीचं माप काय ठेवू?

लांबी-रुंदी सारखी असलेली चौरस खोली बांधू नका आणि एक माप दुसऱ्याच्या दुप्पट ठेवू नका. १० बाय १० आणि उंची पण १०, ही सगळ्यात वाईट, तिन्ही बाजूंचा सूर एकच ५६. १२ बाय १६, उंची १० ही चांगली आणि खेड्यात जागा असते तेव्हा परवडते पण. लायटीचा पॉईंट काढतानाच या खोलीसाठी बोर्डापासून वेगळी वायर आणि अर्थिंग ओढून घ्या, नंतर भिंत फोडायची वेळ येते.

९. स्पीकर टीव्हीच्या शोकेसमध्ये ठेवले आहेत, चालते का?

वाजतात, पण बंद खणात बेस फुगतो आणि आवाज एकाच ठिकाणी चिकटल्यासारखा येतो. बाहेर काढा, स्टँडवर किंवा विटांच्या चौथऱ्यावर ठेवा, ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर) तुमच्या कानाच्या उंचीला. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, कोपऱ्यापासून लांब. दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमच्यापासूनचं अंतर सारखं ठेवा आणि तोंड थोडं तुमच्याकडे वळवा. गायक बरोबर मधोमध, हवेत उभा ऐकू आला की जमलं.

१०. आमचं घर टिनाचं आहे, पाऊस आला की काही ऐकू येत नाही आणि पाऊस नसला तर टिनच वाजते

पावसाचं आधी सांगतो, तो आवाज पूर्ण थांबवणं स्वस्तात होत नाही, जोराच्या पावसात गाणं बंद करून पाऊस ऐका. पण टिन वाजणं थांबवता येतं. टोन जनरेटरने (प्रश्न ७) कोणत्या आकड्याला टिन खडखडते ते शोधा, मग शिडी लावून हुक घट्ट करा, टिन आणि लाकडी फाट्याच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घाला. त्याखाली फूटभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं किंवा प्लायचं छत बांधा आणि त्यावर रॉकवूल पसरा. उन्हाळ्यात खोली थंड राहते, घरातले बाकी लोक पण खुश. वर पऱ्हाटी, तुराटी, तणस भरू नका, टिनाखालची उष्णता, वायर आणि वाळलेला कचरा हे एकत्र आलेलं बरं नाही.

११. मातीच्या भिंतीचं कवेलूचं जुनं घर आहे. यात हे सगळं जमेल का, का पाडून बांधू?

पाडू नका हो. गाण्यासाठी याहून चांगली खोली स्लॅबमध्ये हजारो रुपये घालून करावी लागते. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत बाहेरचा आवाज अडवते, हाताने लिंपलेली असल्यामुळे ती कधीच एकदम सपाट नसते म्हणून आवाज विखुरतो. छत उतरतं, म्हणजे वर-खाली समोरासमोर सपाट पृष्ठभाग नाही, आणि कवेलूच्या फटींमधून खालचे सूर बाहेर निसटतात म्हणून डग्गा कमी घुमतो. सारवलेल्या जमिनीवर एक सतरंजी, भिंतीला दोन गाद्या, बस. काळजी धुळीची आणि ओलीची घ्यायची. सेट जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा, वापर नसताना वरून सुती कापड, आणि टेबलाचे पाय वाळवीसाठी दर महिन्याला तपासा.

१२. गाद्या लावल्यावर आवाज शेजारी जाणार नाही ना?

जाईल. खोलीच्या आतलं घुमणं कमी करणं आणि बाहेर जाणारा आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात, विटा-माती-काँक्रीट, जड दरवाजा, दाराखालच्या फटीला रबर. हात जाईल एवढी फट उघडी असेल तर बाकी भिंत कितीही जाड असो, आवाज तिथून निघतो. कायद्याचंही सांगून ठेवतो, २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आणि कानाचंही पहा, ८५ डीबीवर आठ तास ही सुरक्षित हद्द मानतात, पुढे दर ३ डीबीला वेळ अर्धा होतो.

१३. लाईन कमी-जास्त होते, मोटरी चालू झाल्या की बल्ब मंद होते. सेट जळेल का?

ही शहरी लेखांत कधी न येणारी आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एकाच डीपीवर मोटरी असल्या की व्होल्टेज २३० वरून १७०-१८० वर येतं, आणि मोटरी एकदम बंद झाल्या की वर उसळतं, तो उसळलेला जास्त वाईट. आतमध्ये जड ट्रान्सफॉर्मर असलेला जुन्या पद्धतीचा ॲम्प असेल तर त्याच्या मापाचा चांगला स्टॅबिलायझर पाहिजेच. छोटे क्लास डी (कमी तापणारे नव्या पद्धतीचे) ॲम्प जे बाहेरच्या ॲडॅप्टरवर चालतात, त्या ॲडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असतं, त्यांना १७० ने काही होत नाही, त्यांना फक्त सर्ज प्रोटेक्टर द्या. म्हणून खेड्यात मी असाच ॲम्प घ्या म्हणतो, आवाजाच्या दर्जातही आता ते कुठे कमी नाहीत.

इन्व्हर्टरवर ऐकत असाल तर तो प्युअर साइनवेव्ह (लाईनसारखीच गुळगुळीत लहर देणारा) आहे का पहा. साध्या स्क्वेअरवेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तापतो, आणि ती गुणगुण स्पीकरमध्येही उतरते.

१४. गाणं बंद असलं तरी स्पीकरमधून हम्म्म येते

आधी ॲम्पला जोडलेलं एकेक काढत जा: डिश, लॅपटॉप, डीव्हीडी. डिशची वायर काढली आणि हम्म गेलं तर दोन उपकरणं दोन वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडली गेलीत, त्याला ग्राउंड लूप म्हणतात, मध्ये आयसोलेटर (दोघांची जमिनीची जोडणी तोडणारी छोटी डबी) लावला किंवा ऑप्टिकल (उजेडावर चालणाऱ्या) वायरने जोडलं की जातं. सगळं काढूनही येत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि मग तो असून नसल्यासारखा, एप्रिल-मे मध्ये त्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. काही जण हम्म घालवायला प्लगची तिसरी पिन कापतात, किंवा बोअरच्या पाईपला वायर बांधतात, किंवा न्यूट्रललाच अर्थिंग जोडतात. हे तिन्ही जीवावर बेतणारं आहे. हम्म ऐकत बसा पण हे करू नका.

१५. विजा कडाडून राहिल्या तर स्टॅबिलायझर आहे म्हणून चालू ठेवला तर चालेल ना?

नाही, आणि बटण बंद करून पण चालत नाही. प्लग सॉकेटमधून बाहेर काढा, डिशची वायर काढा, ब्रॉडबँडची वायर असेल तर तीही, आणि हे गडगडाट जवळ यायच्या आधी करा. वीज जवळ पडली तर बटणातली ती एवढीशी फट तिला काहीच नाही.

१६. कुलर चालू असला की गाणं ऐकू येत नाही, बंद केला तर बसवत नाही

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर, त्यात कुलर बंद करून बसा असं कोण म्हणणार. पण कुलरच्या आवाजावर मात करायला गाणं चढवत नेलं की तासाभरात कान आणि डोकं दोन्ही थकतात. तासभर आधी खोली थंड करून घ्या, मग पंखा कमीवर ठेवा. जमत असेल तर कुलर बाजूच्या खोलीच्या खिडकीत लावून हवा दारातून येऊ द्या. कुलरच्या झोतात सेट कधी ठेवू नका, ओली हवा सरळ आत जाते. सीलिंग फॅन डोक्यावर जोरात फिरत असेल तर लांबलेला सूर, सनई किंवा बासरीचा, किंचित थरथरल्यासारखा ऐकू येतो, तो भास नाही, पाती खरंच आवाज कापतात. ॲम्पच्या वर आणि बाजूला मोकळी हवा सोडा, आतल्या कपॅसिटरचं तापमान दहा अंश वाढलं की त्याचं आयुष्य अर्ध्यावर येतं असा ढोबळ नियम आहे. आमच्यापैकी बरेच जण उन्हाळ्यात पहाटे चार ते सहा ऐकतात, भैरव-ललत तेव्हाचेच आहेत.

१७. रेंज नसते, मग चांगल्या दर्जाचं गाणं कुठून आणायचं? आणि ब्लूटूथ चालेल का?

तालुक्याला गेलात की डाउनलोड करून घ्या. सीडीच्या दर्जाचं गाणं मिनिटाला १० एमबीच्या आसपास खातं, अर्ध्या तासाचा राग ३०० एमबी, फ्लॅक (दर्जा न घालवता आकार कमी करणाऱ्या) फाईलमध्ये साधारण त्याच्या निम्मं. ३२० चं एमपी३ असेल तरी घाबरू नका, प्रश्न ४ आणि ७ सुटलेले नसतील तर हा फरक तुम्हाला कळणार पण नाही. ब्लूटूथ रोजच्या ऐकण्याला ठीक, बसून ऐकायचं तर मोबाईलला यूएसबी-सी डॅक (मोबाईलमधलं गाणं ॲम्पला देणारी छोटी डबी) लावून वायरनेच जोडा.

सेट तपासायला असं काही लावा ज्याचा खरा आवाज तुम्ही समोर बसून ऐकलाय. आपल्याकडे गुरुदेव सेवा मंडळाचं खंजिरी भजन गावोगाव होतं. खंजिरीच्या चकत्यांचा झणकार आणि चामड्यावरची बोटं वेगवेगळी ऐकू आली पाहिजेत, नुसतं चस् चस् होत असेल तर ट्वीटर किंवा खोली यापैकी एक बिघडलंय. झाडीपट्टीवाल्यांना (पूर्व विदर्भ) नाटकातला ऑर्गन आणि तबला कसा वाजतो हे पाठ असतं, त्यांनी तो लावावा.

१८. गावातला सुतार सागवानात स्पीकरचे डबे बनवून देतो म्हणते. आणि मंडळाचे डीजे टॉप पडून आहेत, ते लावू का?

डबे बनवा, पण सागाच्या फळीचे नको. साग कितीही चांगला असला तरी अखंड लाकूड मे मध्ये आकसतं आणि जुलैत फुगतं, सांधे सुटतात, हवा निसटते. १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय घ्या, आतून आडवे टेकू मारा, हवं तर बाहेरून सागाचं विनियर. डब्याचं आतलं माप वूफरच्या कागदावर जे दिलंय तेच, अंदाजाने नाही. पहिल्यांदा करत असाल तर बंद डबा करा, भोकाचं गणित अवघड असतं.

डीजे टॉप मैदानात लांबवर आवाज फेकायला केलेले असतात. दहा फुटांवरून त्यांच्यातली ॲम्पची सर्रर्र पण ऐकू येते, आणि खालचे-वरचे सूर एकत्र मिसळायला लागणारं अंतर खोलीत मिळत नाही. भोंग्याचं तर विचारूच नका, त्यात खालचे सूर नसतातच.

१९. घरात कापूस भरला की सेट लय भारी वाजते, कापूस विकला की परत घुमते. हा भास आहे का खरंच असं होते?

खरंच होतं, आणि इतका छान प्रश्न दुसऱ्या कुठल्या मुलखातून येणार नाही. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून आपण कापूस खोलीत भरून ठेवतो, एका भिंतीला पाच-पाच फूट जाड ढीग लागतो. आवाज पिणाऱ्या वस्तूची जाडी लहरीच्या पाव हिश्श्याएवढी झाली की ती तो सूर चांगला पकडते. पाच फुटाच्या चौपट वीस फूट, आणि १० फुटाच्या खोलीचा जो घुमणारा सूर आहे, ५६ हर्ट्झ, त्याची लहर बरोबर वीस फुटांची. म्हणजे चार इंची गादी ज्याच्या वाऱ्यालाही पोचत नाही तो सूर हा ढीग गिळतो. वरून ढिगामुळे खोलीचं मापही बदलतं, म्हणून घुमण्याचे आकडे सरकतात. शहरात यासाठी बास ट्रॅप म्हणून जे विकतात ते याच तत्त्वाचं, फक्त ढिगापेक्षा फार लहान.

आता हे कायमचं कसं करायचं? ढीग ठेवून नाही. त्याऐवजी मागच्या दोन कोपऱ्यांत जुन्या, पिंजून मोकळ्या केलेल्या गाद्यांची जमिनीपासून छतापर्यंत चवड लावा, दीड-दोन फूट खोल. पाच फुटांच्या ढिगाएवढं होणार नाही, पण कोपऱ्यात सगळेच खालचे सूर येऊन जमतात म्हणून थोड्या मालात बराच फरक पडतो. कापूस असताना इक्वलायझर लावून ठेवला असेल तर गाडी भरून गेली की तो परत सरळ करा, नाहीतर पुढचे सहा महिने सगळं बिघडलेलं वाजत राहील.

आणि कापूस आहे तोपर्यंत त्या खोलीत ॲम्प, स्टॅबिलायझर, एक्स्टेन्शन बोर्ड काहीही ठेवू नका. ढिगात उंदीर असतात, उंदीर वायर कुरतडतात, आणि एक ठिणगी पुरते. ॲम्प शेजारच्या खोलीत ठेवून अडीच स्क्वेअर एमएमची स्पीकर वायर भिंतीतून पाईप टाकून आत आणा, तेवढ्या वायरीने आवाजात काही फरक पडत नाही.